विश्लेषण : सकाळचा पहिला जॉब ‘रिजेक्ट’ का होतो?

सीएनसी यंत्र तेच, प्रोग्राम तोच, टूलही तेच. तरीही सकाळी आठ वाजता जुळलेले माप दुपारी बारा वाजता जुळत नाही. बहुतेक वेळा खापर ऑपरेटरवर फुटते. प्रत्यक्षात यंत्राचे तापमान बदललेले असते. ही चूक मोजता येते, तिचा अंदाज बांधता येतो आणि ती बरीचशी भरूनही काढता येते. मग लहान कारखान्यांत हे का होत नाही?

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी जाळात लाल करतो. तापलेली धाव फुगते, चाकावर सहज बसते आणि पाणी ओतताच आवळून घट्ट होते. धातू तापला की वाढतो, निवला की आकसतो, हे गावच्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याने या गुणधर्माचा उपयोगच करून घेतला. भोसरी, शिरोली किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मात्र हाच गुणधर्म उलटा पडतो. तिथे सीएनसी यंत्र स्वतःच त्या धावेसारखे फुगत असते. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त मापातून गेलेला जॉब.

मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी हा किरकोळ विषय नाही. लॉट परत आला की माल वाया जातो, पुन्हा काम करावे लागते, वितरणाची तारीख चुकते आणि पुढच्या ऑर्डरवर प्रश्नचिन्ह लागते. म्हणूनच यंत्राच्या ‘तापा’कडे गांभीर्याने पाहायला हवे.

एका अंशाने किती फरक पडतो?

पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की साधारण ११ ते १२ मायक्रॉनने लांब होते. बिडाचे प्रसरण जवळपास तितकेच, किंचित कमी. ॲल्युमिनियमचे मात्र दुप्पट, म्हणजे सुमारे २३ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे ११ मायक्रॉन हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो.

पण ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी तुलना केली की चित्र बदलते. ५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरला ‘एच ७’ टॉलरन्स दिला असेल, तर त्याला एकूण २५ मायक्रॉनचीच मोकळीक असते.

आता सीएनसी लेथ पाहा. टूल पुढेमागे नेणारा बॉलस्क्रू सतत फिरून तापतो. त्याची कामाला येणारी लांबी ४०० मिलिमीटर आणि तापमानातली वाढ पाच अंश धरली, तरी तो सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो. बॉलस्क्रूच्या मोटारीवरचा एन्कोडर फक्त फेरे मोजतो. स्क्रू लांब झाल्याचे कंट्रोलरला कळतच नाही. शिवाय लेथवर टूल जितके सरकते त्याच्या दुप्पट फरक व्यासात पडतो. म्हणजे २३ चे ४६ मायक्रॉन झाले. ‘एच ७’ची सगळी मोकळीक संपून वर जवळपास तितकीच चूक उरली.

यंत्र सगळीकडून सारखे तापत नाही, ही याहून मोठी अडचण. एक मीटर उंच आणि ३०० मिलिमीटर जाडीचा बिडाचा कॉलम पुढच्या बाजूने मागच्यापेक्षा एकाच अंशाने अधिक तापला, तरी तो वाकतो आणि त्याचा माथा सुमारे १८ मायक्रॉन सरकतो.

ही उष्णता येते कुठून?

निम्मी कारणे यंत्राच्या पोटात असतात. स्पिंडलची बेअरिंग, मोटारी, बॉलस्क्रूचा नट, हायड्रॉलिकची टाकी, कूलंट, बेडवर साचलेली गरम चिप, हे सगळे उष्णतेचे स्रोत आहेत. स्पिंडल तासाभरात तापतो, तर जाडजूड बेडला त्यासाठी कित्येक तास लागतात. त्यामुळे शिफ्ट सुरू झाल्यापासून यंत्र सतत आकार बदलत असते आणि प्रत्येक भाग आपापल्या गतीने बदलत असतो.

उरलेली कारणे बाहेर असतात. पत्र्याचे छप्पर, एका बाजूने येणारे ऊन, उघडे शटर, यंत्रावर रोखलेला पंखा, शेजारची भट्टी. पुण्यात हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी तिशीजवळ पोहोचतो. एप्रिलमध्ये दुपार चाळिशीकडे झुकते. पत्र्याखाली हा फरक आणखी जाणवतो.

यात कामाच्या वेळापत्रकाची भर पडते. जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबले की ते निवते. वीज गेली की निवते. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या अनेक लहान कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी यंत्र पार गार झालेले असते. त्या सकाळचे पहिले काही जॉब हाताबाहेर जाणे यात आश्चर्य नाही. उलट तसे न झाले तरच आश्चर्य वाटावे.

२० अंश हा आकडा कुठला?

ड्रॉइंगवर लिहिलेले प्रत्येक माप हे २० अंश सेल्सिअस तापमानाला खरे असते, असा जगभरचा संकेत आहे. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९३१ मध्ये हे तापमान ठरवले आणि पुढे ‘आयएसओ १’ या मानकात ते आले. युरोपातल्या बंद, उबदार केलेल्या कारखान्यांना हा आकडा सोयीचा आहे. महाराष्ट्रातल्या शॉप फ्लोअरवर वर्षातले फार थोडे तास पारा २० वर असतो.

याचा परिणाम मोजमापावरही होतो. २०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हाउसिंग यंत्रावरून उतरले तेव्हा ते ३२ अंशांवर होते, असे समजा. तिथेच मोजले तर ते २० अंशांवरच्या मापापेक्षा सुमारे ५५ मायक्रॉन मोठे भरेल. ग्राहकाच्या वातानुकूलित मोजमाप कक्षात तोच जॉब निवला की आखडेल. कारखान्यात ‘ओके’ झालेला जॉब तिकडे ‘रिजेक्ट’ होतो आणि दोन्ही बाजू आपापल्या गेजची शपथ घेतात. गेज दोघांचेही बरोबर असू शकते; तापमान वेगळे असते.

हा प्रश्न नवा आहे का?

अजिबात नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड आणि निकेलचा ‘इन्व्हार’ हा मिश्रधातू शोधला. त्याचे प्रसरण पोलादाच्या साधारण दहावा हिस्सा आहे. या कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण अख्खे यंत्र इन्व्हारचे बनवणे परवडणारे नाही.

अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले अभियंता जेम्स ब्रायन यांनी १९६८ मध्ये या विषयावरच्या जगभरातल्या संशोधनाचा आढावा घेतला आणि १९९० मध्ये पुन्हा घेतला. दोन दशकांनंतरही यंत्रकामातल्या मापाच्या चुकांचे सर्वांत मोठे कारण उष्णता हेच होते. लिव्हरमोरमध्ये त्यांच्या चमूने यंत्रावर काटेकोर तापमानाच्या तेलाचा अखंड वर्षाव करून ते स्थिर ठेवण्याचा मार्ग अवलंबला होता. २०१२ मध्ये संशोधकांनी घेतलेल्या आढाव्यातही जॉबच्या भौमितिक चुकांपैकी ७५ टक्क्यांपर्यंत चुका तापमानामुळे होऊ शकतात, असे म्हटले आहे.

‘थर्मल कॉम्पेन्सेशन’ म्हणजे नेमके काय?

उष्णतेशी लढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, यंत्र तापूच न देणे : स्पिंडलभोवती गार तेल फिरवणे, पोकळ बॉलस्क्रूमधून शीतक सोडणे. दुसरा, यंत्राची रचनाच अशी करणे की ते तापले तरी समतोल फुगेल, वेडेवाकडे वळणार नाही. जपानच्या ओकुमा कंपनीची ‘थर्मो-फ्रेंडली’ संकल्पना याच विचारावर आधारलेली आहे. तिसरा मार्ग भरपाईचा, म्हणजेच कॉम्पेन्सेशनचा.

यात यंत्राच्या मोक्याच्या जागी, म्हणजे स्पिंडलचे नाक, कॉलम, बेड, बॉलस्क्रूचा नट इथे तापमानाचे सेन्सर बसवतात. या ठिकाणी इतके तापमान असेल तर टूलचे टोक इतके मायक्रॉन सरकते, असे नाते आधी चाचणी करून काढतात. मग कंट्रोलर त्या हिशेबाने अक्षाला उलट्या दिशेने तितकेच सरकवतो. टूल २० मायक्रॉन पुढे गेले असेल, तर त्याला २० मायक्रॉन मागे घेतले जाते. सीमेन्ससारख्या कंट्रोलरमध्ये याची सोय असते. अक्ष कुठेही असला तरी सारखीच राहणारी चूक आणि अक्षाच्या स्थानानुसार वाढत जाणारी चूक, अशा दोन्ही प्रकारांची भरपाई त्यात करता येते.

बॉलस्क्रूची चूक टाळण्याचा आणखी एक उपाय म्हणजे सरकत्या भागावर थेट काचेची मोजपट्टी, अर्थात लिनिअर स्केल बसवणे. मग स्क्रू किती फुगला याने फरक पडत नाही. स्लाइड प्रत्यक्ष कुठे आहे ते कंट्रोलरला कळते. मात्र स्पिंडल किंवा कॉलम किती सरकला, हे त्या पट्टीलाही कळत नाही.

मग स्मार्ट यंत्र घेतले की काम झाले?

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात तसे सूचित केलेले असते. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. तंत्र खरे आहे आणि उपयोगीही आहे, पण त्याच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय पैसे घालणे महागात पडू शकते.

पहिली मर्यादा सरळ आहे. गणित ज्या परिस्थितीत बसवले, त्या परिस्थितीतच ते नीट चालते. वातानुकूलित हॉलमध्ये २० ते २५ अंशांवर बसवलेले समीकरण पत्र्याखाली ३८ अंशांवर तितकेच खरे ठरेल याची खात्री देता येत नाही. दुसरी मर्यादा म्हणजे तीन अक्षांचे यंत्र टूलला पुढेमागे सरकवू शकते, पण कलू लागलेल्या स्पिंडलला सरळ करू शकत नाही. तिसरी, यंत्राची भरपाई झाली तरी तापलेल्या जॉबचे काय, हा प्रश्न उरतोच. चौथी, बेअरिंग जुने झाले, कूलंट बदलले, यंत्राची जागा हलवली की जुने नाते बिघडते.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक मार्ग दाखवला आहे. यंत्र ठरावीक काळाने प्रोबच्या साह्याने स्वतःची चूक मोजते आणि त्यानुसार आपले गणित दुरुस्त करते. यातला धडा लहान कारखान्यालाही लागू आहे : भरपाई एकदा बसवून विसरायची गोष्ट नाही, ती मोजून तपासत राहावी लागते. जिथे मोजण्याची सवयच नाही, तिथे महागडे सेन्सरही भिंतीवरच्या बंद घड्याळासारखे शोभेचे ठरतात.

एसी बसवला तर?

मोजमापाच्या खोलीला तो हवाच. पण संपूर्ण शॉपला एसी लावणे बहुतेक लघुउद्योगांच्या विजेच्या बिलात बसत नाही. अर्धवट व्यवस्था तर अधिक त्रासाची असते. एसीचा झोत कॉलमच्या एकाच बाजूवर पडला, तर ती बाजू गार, दुसरी गरम आणि कॉलम वाकलेला. तापमान थोडे जास्त पण स्थिर असणे हे कमी पण चढ-उतार करणाऱ्या तापमानापेक्षा बरे, हे इथे लक्षात ठेवावे लागते. यंत्र गार होऊ नये म्हणून रिकामे फिरवत ठेवणे हाही वीज जाळण्याचाच मार्ग. जर्मनीत ड्रेस्डेन, आखेन आणि केम्निट्झ इथल्या संशोधकांनी २०११ पासून याच पेचावर संयुक्त प्रकल्प राबवला : जास्तीची ऊर्जा न खर्चता अचूकता कशी टिकवायची.

दोष ऑपरेटरचा का ठरतो?

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल. सकाळी जॉब मापातून गेला की सुपरवायझरचा पहिला प्रश्न ‘सेटिंग कोणी केले?’ हा असतो. घाबरलेला ऑपरेटर लगेच ऑफसेट बदलतो. तोवर यंत्र तापते, चूक दुसरीकडे झुकते, पुढचा जॉब उलट बाजूने जातो. पुन्हा ऑफसेट, पुन्हा बोलणी. यंत्राच्या मागे धावत केलेल्या या दुरुस्त्यांनी चूक कमी होण्याऐवजी वाढते.

जुना, मुरलेला ऑपरेटर मात्र असे करत नाही. पहिला अर्धा तास यंत्र मोकळे फिरवायचे, सुरुवातीच्या जॉबला माप थोडे राखायचे, जेवणानंतर अमुक इतका फरक द्यायचा, हे त्याला अनुभवाने माहीत असते. अनेकांच्या खिशातल्या वहीत हे आकडे लिहिलेलेही असतात. खरे तर ती वही म्हणजे हाताने तयार केलेले कॉम्पेन्सेशनच आहे. लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर जे नाते शोधते, तेच नाते त्या वहीत असते. कमी अचूक, पण त्याच यंत्राचे आणि त्याच छपराखालचे.

दुर्दैव असे की ती वही कारखान्याच्या दप्तरी नसते. कंत्राटावरचा ऑपरेटर चार पैसे जास्त मिळाले की शेजारच्या शॉपमध्ये जातो आणि वही त्याच्यासोबत जाते. नवा मुलगा येतो, पुन्हा शून्यापासून रिजेक्शन सुरू होते. हा दोष कामगाराच्या हाताचा नाही. कारखान्याने स्वतःचे ज्ञान सांभाळले नाही, ते कधी विचारले नाही आणि त्याचे मोलही दिले नाही.

लहान कारखान्याने सुरुवात कुठून करावी?

खर्चिक उपायांच्या आधी बऱ्याच गोष्टी जवळपास फुकट होण्यासारख्या आहेत.

पहिली, यंत्राची चाचणी. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल लावावा, टेबलावर डायल बसवावा. स्पिंडल नेहमीच्या वेगाने फिरवावा, दर पंधरा मिनिटांनी पूर्ण थांबवून वाचन घ्यावे आणि सोबत तापमान लिहावे. चार तासांत यंत्राचा स्वभाव कागदावर येतो. ‘आयएसओ २३०-३’ या मानकात अशा चाचण्यांची शास्त्रशुद्ध पद्धत दिलेली आहे. घरगुती चाचणी तितकी नेमकी नसली तरी डोळे उघडायला पुरेशी असते.

दुसरी, त्या आलेखावरून वॉर्म-अपचा वेळ ठरवणे. तो अंदाजाने वीस मिनिटे नको. ज्या वेळी रेषा सपाट होऊ लागते, तो खरा वेळ. वॉर्म-अप हा उत्पादनाचाच भाग मानावा आणि ऑपरेटरच्या टार्गेटमधून तितका वेळ वजा करावा. एरवी तो कागदावरच राहतो.

तिसरी, जॉबच्याच धातूचा एक मास्टर पीस बनवून तो यंत्राजवळ ठेवणे. जॉब आणि मास्टर एकाच तापमानाला असतील तर दोघे सारखेच फुगतात आणि तुलनेत ती चूक गळून पडते. यंत्रावरून गरम उतरलेला जॉब मात्र मास्टरशेजारी ठेवून निवू द्यावा आणि मगच मोजावा.

चौथी, ऊन, शटर आणि पंख्याचा झोत यंत्रापासून दूर करणे. पाचवी, ऑपरेटरच्या वहीतले आकडे यंत्राशेजारच्या तक्त्यावर आणणे, त्याच्या नावासह. इतके झाल्यावर उरलेली चूक किती आहे ते दिसेल. ती टॉलरन्समध्ये बसत नसेल, तर सेन्सर, स्केल किंवा नवे यंत्र यांवरचा खर्च डोळसपणे करता येईल. नवे यंत्र घेतानाही विक्रेत्याकडे एकच मागणी करावी : उष्णतेची चाचणी आमच्या शॉपमध्ये, आमच्या दुपारी करून दाखवा.

मोठ्या कंपन्या आणि सरकार यांची जबाबदारी काय?

पुरवठादाराने २० अंशांवरचे माप द्यावे, ही मोठ्या कंपन्यांची अपेक्षा रास्त आहे. पण भाव ठरवताना वॉर्म-अपचा वेळ, जॉब निववण्याचा वेळ, मोजमापाची खोली यांचा खर्च कुठे धरला जातो? अचूकता हवी असेल तर तिची किंमतही करारात दिसायला हवी. लॉट परत पाठवताना मोजमाप कोणत्या तापमानाला झाले, हे दोन्ही बाजूंनी लिहिण्याचा नियम केला तरी निम्मे वाद मिटतील.

सरकारी मदतीचा कलही तपासायला हवा. केंद्राच्या पतसंलग्न भांडवली अनुदान योजनेत एक कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के अनुदान मिळत असे. ते होते यंत्रासाठी. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. मोजमापाची शिस्त दिसत नाही. लघुउद्योग समूहांसाठी सामाईक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. राज्यात चिंचवडचे ऑटो क्लस्टर, छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम यांसारख्या संस्थाही आहेत. अशा केंद्रांमधून फिरते चाचणी पथक औद्योगिक वसाहतींत गेले, यंत्रांचे उष्णतेचे आलेख काढून दिले आणि आयटीआयच्या अभ्यासक्रमात ही चाचणी हाताने करून घेतली, तर कमी खर्चात शेकडो जुन्या यंत्रांची अचूकता वाढू शकते.

लोहार धाव तापवताना तिची वाढ गृहीत धरतो; धाव फुगली म्हणून कोणाला रागावत नाही. सीएनसीच्या शॉपमध्येही तेवढा समंजसपणा यायला हवा. यंत्र तापणार, वाढणार हे धरूनच कामाचे नियोजन केले पाहिजे. तोवर सकाळचा पहिला जॉब जात राहील आणि त्याचे बोल भलत्याच माणसाला ऐकावे लागतील.